मेलेल्या डुकराचं काय करायचं?

शनिवार हा चाकणच्या गुरांच्या बाजाराचा दिवस. पुणे-नाशिक महामार्गावर एकीकडे मोटारींचे सुटे भाग घेऊन निघालेले कंटेनर आणि दुसरीकडे बैल, म्हशी, शेळ्या भरलेले टेंपो, ही इथली नेहमीची गर्दी. सप्टेंबर २०२२ मध्ये ती गर्दी अर्ध्याने ओसरली. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात दिसलेला लम्पी चर्मरोग राज्यभर पसरू लागला होता. सरकारने गुरांचे बाजार, शर्यती, जत्रा आणि जनावरांची ने-आण बंद केली. पाठोपाठ गोठ्यागोठ्यात लसीकरण झालं. दगावलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत ठरली. मेलेलं जनावर उघड्यावर टाकायचं नाही, खोल खड्डा घ्यायचा, चुना टाकायचा, पंचनामा करून घ्यायचा, हे त्या काही महिन्यांत शेतकऱ्यांना पाठ झालं.

याच पट्ट्यात आणखी एक जनावर राहतं. त्याच्याबद्दल मात्र कुणाला काहीच पाठ नाही.

पिंपरी-चिंचवडच्या नाल्यांकाठी, झोपडपट्ट्यांच्या मागच्या मोकळ्या जागांत, कचराकुंड्यांभोवती डुकरं दिसतात. महापालिकेच्या भाषेत ती ‘मोकाट’. पण त्यातली बरीचशी कुणाच्या तरी मालकीची असतात. सकाळी सोडायची, दिवसभर ती मिळेल ते खातात, संध्याकाळी परत येतात. वडार, कैकाडी अशा समाजांतल्या अनेक कुटुंबांचा हा पिढ्यांचा जोडधंदा आहे. शहराबाहेर, खेड-मावळच्या बाजूला, बंदिस्त वराहपालनही आहे. २०१२च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सव्वातीन लाखांच्या आसपास डुकरं होती. २०१९च्या गणनेत ती सुमारे १ लाख ६० हजारांवर आली. देशातल्या ९० लाख डुकरांपुढे हा आकडा लहान आहे. बहुधा म्हणूनच या जनावराच्या आजाराचा विचार इथे कुणी प्राधान्याने करत नाही. विषाणूला मात्र संख्येशी देणंघेणं नसतं. त्याला एक मेलेलं डुक्कर आणि एक वाहता नाला पुरतो.

दोन आजार, दोन गोष्टी

‘डुक्कर’ आणि ‘विषाणू’ हे शब्द एकत्र आले की पुणे-पिंपरीच्या वाचकाला २००९ आठवतं. स्वाइन फ्लूने देशात झालेला पहिला मृत्यू पुण्यातला होता, ३ ऑगस्ट २००९चा. त्यानंतरचे आठवडे, मास्क, बंद शाळा, तपासणीच्या रांगा हे सगळं या शहरांनी अनुभवलं. पण एच१एन१ची ती साथ माणसाकडून माणसाकडे, खोकल्या-शिंकांतून पसरली. नाल्याकाठच्या डुकरांचा त्या प्रसाराशी संबंध नव्हता.

या लेखाचा विषय असलेला आफ्रिकन स्वाइन फिव्हर याच्या नेमका उलटा आहे. तो माणसाला होत नाही. डुकराला झाला तर मात्र बहुतेक वेळा ते वाचत नाही. तीव्र प्रकारात मृत्यूचं प्रमाण शंभर टक्क्यांच्या जवळ जातं. त्यावर औषध नाही. व्हिएतनामने २०२२ नंतर काही लशींना परवानगी दिली, पण भारतातल्या पशुपालकाच्या हाती अशी लस आलेली नाही. डुकरांचा जुना ‘क्लासिकल’ स्वाइन फिव्हर वेगळा. त्याच्यावर लस आहे आणि इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने २०२० मध्ये पेशींवर वाढवलेली सुधारित लसही आणली. आफ्रिकन तापापुढे तिचा उपयोग नाही. लक्षणं दोन्हींची सारखी असतात: चढा ताप, खाणं बंद, कान-पोटावर लालसर-निळे डाग. फरक प्रयोगशाळेतच कळतो.

१९२१ मध्ये केनियात या आजाराची पहिली शास्त्रीय नोंद झाली. १९५७ मध्ये तो लिस्बनला पोहोचला. विमानतळाजवळच्या डुकरांना विमानांतलं उरलेलं अन्न घातलं जात होतं आणि त्यातूनच तो युरोपात शिरला. २००७ मध्ये जॉर्जियात, २०१८ मध्ये चीनमध्ये. २०२० च्या सुरुवातीला आसाम आणि अरुणाचल प्रदेशात डुकरं पटापट मरू लागली आणि भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने निदान पक्कं केलं. २०२१ मध्ये एकट्या मिझोरममध्ये ३३ हजारांहून जास्त डुकरं मेली. २०२२ च्या जुलैत केरळमधलं वायनाड, ऑगस्टमध्ये पंजाबातलं पटियाळा आणि मध्य प्रदेशातलं रीवा. ईशान्येच्या टोकाला सुरू झालेला आजार अडीच वर्षांत महाराष्ट्राच्या शेजारी राज्यात येऊन ठेपला.

तो पायी आला नाही. जनावरांच्या गाड्या, कच्चं मांस, बुटांना चिकटलेलं शेण आणि फेकलेली मढी यांनी त्याला आणलं.

मढं हाच विषाणूचा साठा

लस नाही, औषध नाही, म्हणजे उरतं एकच: विषाणू जिथे साठतो ती जागा बंद करायची. त्या जागा चार आहेत. मेलेलं डुक्कर, त्याची विष्ठा व मूत्र, त्याला घातलेलं उष्टं-खरकटं आणि त्याच्यापर्यंत ये-जा करणारी माणसं व वाहनं.

पहिली जागा सर्वांत घातक. आजारी डुकराच्या रक्तात विषाणू खच्चून भरलेला असतो. थंड जागी ठेवलेल्या रक्तात तो दीड वर्ष टिकल्याची नोंद आहे. गोठवलेल्या मांसात जवळजवळ तीन वर्षं. म्हणून संशयित डुक्कर मेल्यावर ते कापायचं नाही, हा पहिला नियम. कापलं की रक्त जमिनीवर, तिथून कुत्र्यांच्या तोंडाला, कावळ्यांच्या चोचीला, माणसाच्या चपलेला लागतं आणि पुढे जातं.

मढी नदीत गेली तर काय होतं, हे चीनने २०१३ मध्ये पाहिलं. मार्च महिन्यात शांघायला पाणी पुरवणाऱ्या हुआंगपू नदीत डुकरांची मढी तरंगत येऊ लागली आणि बघता बघता आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. कानातल्या बिल्ल्यांवरून माग निघाला तो वरच्या अंगाच्या ज्याशिंग भागापर्यंत. काही नमुन्यांत डुकरांचा सर्कोव्हायरस सापडला. पण खरं कारण वेगळंच होतं. मेलेल्या डुकरांचं मांस चोरून विकणाऱ्यांवर पोलिसांनी कारवाई केल्यामुळे मढी घेणारं कुणी उरलं नव्हतं आणि ती नष्ट करण्याची सोय अपुरी होती. वाईट रस्ता बंद झाला, चांगला रस्ता तयार नव्हता, आणि नदी आयतीच समोर होती. आसामातही २०२० मध्ये ब्रह्मपुत्रेत डुकरांची मढी वाहताना दिसली. काझीरंगातल्या रानडुकरांना लागण होऊ नये म्हणून वनखात्याने आगोराटोली परिक्षेत्रात सहा फूट खोल आणि दोन किलोमीटर लांबीचा चर खणला.

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याचा नकाशा यासमोर ठेवून पाहावा. पवना शहराच्या मधून वाहते. रावेतच्या बंधाऱ्यावरून शहराच्या पिण्याचं पाणी उचललं जातं. इंद्रायणी देहू-आळंदीवरून येते. तिच्या काठी वारकरी स्नान करतात, तीर्थ म्हणून पाणी घेतात. चाकणच्या पलीकडे भामा. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. खेड आणि आंबेगावच्या डोंगरांवर भीमाशंकरचं अभयारण्य आहे, आणि त्याच्या पायथ्याच्या शेतांत रानडुकरं रोज रात्री उतरतात. आफ्रिकन ताप एकदा रानडुकरांत शिरला की तो निपटून काढणं किती कठीण, हे युरोपातले देश अनेक वर्षं अनुभवत आहेत. जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूतल्या मुदुमलैच्या रानडुकरांतही तो आढळला.

कायदा याबद्दल स्पष्ट आहे. २००९च्या जनावरांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने रोगट जनावराचं मढं किंवा त्याचा भाग नदी, तलाव, कालवा अशा कोणत्याही पाण्यात टाकण्यास मनाई केली आहे. आजाराची शंका आली तर कळवण्याची जबाबदारी मालकाची आहेच, शिवाय ग्रामपंचायत आणि सार्वजनिक संस्थांचीही आहे. पण टाकू नका म्हणताना टाकायचं कुठे याची सोय करावी लागते. ती नसेल तर कायदा कागदावर राहतो आणि मढं नाल्यात जातं.

खड्डा, भट्टी आणि भुसा

मढ्याची विल्हेवाट तीन मार्गांनी लागते.

पुरणं सर्वांत परिचित. खड्डा विहिरीपासून, ओढ्यापासून दूर आणि भूजलाच्या पातळीच्या वर हवा. मढ्यावर किमान मीटरभर मातीचा थर हवा, नाहीतर कुत्री रात्रीत उकरतात. चाकणसारख्या भागात अडचण जागेची आणि पावसाळ्याची. जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या गावात कुणी आपल्या प्लॉटवर मढं पुरू देत नाही. आषाढ-श्रावणात मारलेला खड्डा पाण्याने भरतो. म्हणून खड्ड्याची जागा साथ आल्यावर शोधून चालत नाही. उन्हाळ्यातच ती ठरलेली, तपासलेली, सातबाऱ्यावर नोंदलेली हवी.

जाळणं किंवा दाबाखाली शिजवणं सर्वांत खात्रीचं, पण खर्चिक. युरोपात मढी गोळा करून ती बारीक करून १३३ अंश सेल्सिअसला, तीन बार दाबाखाली, वीस मिनिटं शिजवतात. डेन्मार्कमध्ये शेतकरी मेलेलं जनावर गोठ्यापासून दूर, रस्त्याजवळच्या ठरलेल्या जागी झाकून ठेवतो. गाडी येते, घेऊन जाते, वाहन आवारात शिरतच नाही. पिंपरी-चिंचवडला भट्टीचं तंत्र परकं नाही. मोशीच्या डेपोत रोज सुमारे ७०० टन कचऱ्यापासून १४ मेगावॅट वीज करणारा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. हे शहर त्या प्रमाणात विचार करू शकतं, तर जनावरांच्या मढ्यांसाठी स्वतंत्र, पुरेशी, ग्रामीण भागालाही खुली असलेली यंत्रणा त्याच्या आवाक्याबाहेर नाही.

तिसरा मार्ग कंपोस्टचा. नेहमीची मरतूक, म्हणजे चेंगरलेली पिलं किंवा म्हातारपणाने गेलेली जनावरं, यांच्यासाठी तो छोट्या पशुपालकाला परवडतो. खाली फूट-दोन फूट लाकडी भुश्याचा थर, त्यावर मढं, त्याच्या वर आणि सर्व बाजूंनी पुन्हा दोन फूट भुसा. ओल निम्म्याच्या आसपास राखली आणि हवा खेळती ठेवली तर ढिगाच्या पोटातलं तापमान ५५ अंशांच्या वर जातं. आफ्रिकन तापाचा विषाणू ५६ अंशांना सत्तर मिनिटांत आणि ६० अंशांना वीस मिनिटांत निकामी होतो, असं जागतिक पशुआरोग्य संघटना सांगते. ढिगात ही उष्णता कित्येक दिवस टिकते. चाकणला भुसा शोधावा लागत नाही. यंत्रं आणि सुटे भाग पाठवण्यासाठी लाकडी खोकी आणि पॅलेट बनवणारे कारखाने या पट्ट्यात आहेतच. मात्र साथीची शंका असेल तेव्हा हा प्रयोग मालकाने स्वतःच्या हिमतीवर करायचा नाही. तेव्हा निर्णय पशुवैद्यकाचा.

उकिरडा आणि पातेलं

विष्ठेचा हिशेब वेगळा आहे. इंग्लंडमधल्या पिरब्राइट संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये मोजून दाखवलं की ४ अंशांच्या थंडीत आजारी डुकराच्या विष्ठेतला विषाणू साडेआठ दिवसांच्या आसपास संसर्गक्षम राहतो, तर ३७ अंशांना चार दिवसांहूनही कमी. मूत्रात थंडीत पंधरा दिवस, उष्णतेत तीन दिवसांच्या आत. ऊन आणि उष्णता ही आपल्या हवामानाची देणगी आहे. ती वाया जाते, कारण गोठ्याचं धुणं तसंच नाल्यात सोडलं जातं आणि ताजी विष्ठा जुन्या ढिगावर रोज पडत राहते. विषाणू मरायला वेळ लागतो आणि तो वेळ आपण त्याला देतच नाही.

उपाय साधा आहे. दोन ढीग करायचे. एक भरायचा, भरला की झाकून महिनाभर हात लावायचा नाही, तोवर दुसरा वापरायचा. ढिगाखाली पक्का कोबा आणि बाजूला नितरणारं पाणी साठवणारी टाकी. गोबरगॅस चांगलाच, पण साध्या संयंत्रातलं तापमान ३५ अंशांच्या आसपास राहतं, त्यामुळे त्यातून बाहेर पडणारी मळी लगेच शेतावर सोडणं सुरक्षित नाही. तीही साठवून, वाळवून वापरायची.

हीच शिस्त गाई-म्हशींच्या गोठ्यांनाही लागू होते. मोशी, चिखली, चऱ्होली, तळवडे ही कालपरवापर्यंतची गावं. तिथे इमारतींच्या सावलीत आजही गोठे आहेत. एक मोठं जनावर दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये गोठे आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि शेण गटारात सोडण्याला मनाई केली. लाळ्या-खुरकूत हा तर गाई, म्हशी, शेळ्या, डुकरं सर्वांना होणारा विषाणुजन्य आजार आणि डुक्कर त्याचा विषाणू हवेत मोठ्या प्रमाणावर सोडतं. जुलै २०२५ मध्ये पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात आठवडाभरात १६ चितळं दगावली आणि तपासणीत लाळ्या-खुरकूत निघाला. जाळीच्या आत सांभाळलेल्या हरणांपर्यंत जो विषाणू पोहोचतो, त्याला नाल्याकाठचं डुक्कर किती दूर?

आता पातेल्याकडे. वराहपालनात खाद्य हाच सर्वांत मोठा खर्च. कँटीन, खाणावळी, हॉटेलं आणि मंगल कार्यालयांचं उरलेलं अन्न म्हणजे स्वस्त खुराक. कामगारांच्या या पट्ट्यात अशा अन्नाला तोटा नाही. ते वाया न जाता जनावराच्या पोटात जाणं चांगलंच, पण एका अटीवर. ते उकळलेलं हवं. नुसतं गरम करून भागत नाही: ९० अंशांना, ढवळत ढवळत, तासभर. कच्च्या डुकराच्या मांसाचा एक तुकडा त्यात असला तरी तोच पुरेसा होतो. लिस्बनमध्ये हेच घडलं होतं. एखाद्या मोठ्या कंपनीच्या कँटीनने खरकटं देताना घेणाऱ्याकडे ते उकळण्याची सोय आहे का, एवढं विचारलं तरी मोठं काम होईल.

वाहनं आणि बूट यांच्याबाबत तर चाकणला कुणी शिकवायची गरज नाही. मोटार कारखान्याच्या रंगविभागात शिरताना कामगार वेगळे कपडे घालतो, हवेच्या झोतातून जातो, कारण धुळीचा एक कण रंग खराब करतो. डुकरांच्या शेडलाही तेच हवं: दाराशी वेगळे गमबूट, जंतुनाशकाचं पायधुणं, आलेल्या-गेलेल्याची वही. आणि क्रम महत्त्वाचा. शेण घासून, साबणाने धुऊन मगच जंतुनाशक. शेणाच्या थरावर ओतलेलं औषध खालच्या विषाणूपर्यंत पोहोचत नाही. डेन्मार्कने परदेशातून रिकामे परतणारे जनावरांचे ट्रक सीमेवर धुणं सक्तीचं केलं, ते याच कारणाने.

हे काम कुणाचं?

महाराष्ट्रात मेलेल्या जनावराचा प्रश्न कधीच निव्वळ पशुवैद्यकाचा नव्हता. शतकानुशतकं गावाने ते काम एका समाजावर लादलं आणि त्याच कामासाठी त्याला अस्पृश्य ठरवलं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याची आणि गावकीची लाचारी झुगारण्याची हाक दिली. १९५८च्या कायद्याने या कामांशी बांधलेली वतनं संपली. जे संपायला हवं होतं ते संपलं. पण त्या जागी साऱ्या गावाने, साऱ्या शहराने पैसे मोजून, यंत्रं वापरून उभारायची व्यवस्था आपण नीट उभारलीच नाही. काही काळ गिधाडांनी उणीव झाकली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडंही संपवली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद झालं, तेव्हा फार उशीर झाला होता. उरली ती भटकी कुत्री आणि कंत्राटी सफाई कामगार. बहुतेकदा हातमोज्यांशिवाय.

त्यामुळे मढ्याची विल्हेवाट हा आरोग्याचा प्रश्न आहे तितकाच सन्मानाचाही. उचलण्यासाठी विंच लावलेली बंद गाडी, कामगाराला पूर्ण पोशाख, लस, विमा, आंघोळीची सोय आणि कायम नोकरी हवी. यातली कोणतीही गोष्ट चैनीची नाही.

दुसरा प्रश्न मालकाचा. डुकरं मरू लागली की तो गप्प राहतो, उरलेली घाईने विकतो, आणि आजार पुढच्या गावात जातो. हा लबाडपणा नाही, ही गरिबी आहे. केंद्राच्या २०२० च्या कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणाभोवती एक किलोमीटरचं क्षेत्र बाधित ठरतं आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. बाधित क्षेत्रातली डुकरं मारावी लागतात आणि त्यांची भरपाई मिळते. वायनाडमध्ये ती वजनानुसार २,२०० ते १५,००० रुपये होती. चीनमधल्या झेजियांग प्रांताने हुआंगपूच्या प्रकरणानंतर एक चांगला मार्ग रुळवला: विम्याचे पैसे मढं संकलन केंद्रात जमा केल्यावरच मिळतात. मढं हेच पुरावा ठरलं आणि ते नदीत टाकणं तोट्याचं झालं. आपल्याकडे बिगरनोंदणी मालकाला भरपाई कशी मिळणार? म्हणून नोंदणी आधी हवी, आणि तीही दंडाच्या धाकाने नव्हे. नुसतं डुकरं पकडण्याचं कंत्राट दिलं तर मालक आजारी जनावर आणखी लपवतील.

या पट्ट्याकडे जे आहे, ते देशात फार थोड्या जागी आहे. सांगवीच्या पुलापलीकडे औंधला राज्याचं पशुसंवर्धन आयुक्तालय आहे, रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे, जनावरांच्या लशी बनवणारी संस्था आहे. पाषाणला राष्ट्रीय विषाणू संस्थेचं संकुल आहे. कारखान्यांकडे सामाजिक दायित्वाचा निधी आहे, भुसा आहे, वाहतुकीची शिस्त आहे. नसलेली गोष्ट एकच: महापालिका, चाकण नगरपरिषद, बाजार समिती आणि ग्रामपंचायती यांनी मिळून ठरवलेली एक गाडी, एक जागा, एक दूरध्वनी आणि भरपाईची एक मुदत. हे चार निर्णय साथ येण्याआधी घ्यायचे आहेत, आणि ते घ्यायला कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.

तोपर्यंत वाचकाने एवढं करावं. नाल्याकाठी मेलेलं डुक्कर दिसलं, किंवा दोन-चार दिवसांत एकाच वस्तीत अनेक डुकरं मेल्याचं कानावर आलं, तर ते ओढू नये, कापू देऊ नये, पाण्यात लोटू देऊ नये. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक लावावा आणि जागा सांगावी.